दूध हॅम्बर्गला पोचलं

गेल्या रविवारची गोष्ट. सकाळचे साडेनऊ, मी कॉम्प्युटर गेममध्ये प्रागहून दुधाचा टँकर घेऊन हॅम्बर्गकडे निघालेलो, तिकडे पाऊस, वायपर चालू, मागे टँकरमध्ये दूध डुचमळतंय असं मी मनातल्या मनात धरून चाललोय, आणि स्वयंपाकघरातून आईची हाक आली, "अरे दूध नासलं रे, कोपऱ्यावरून एक लिटर घेऊन ये पटकन." मी म्हटलं, "आई पाच मिनिटं, दूधच पोचवतोय." यावर ती जे म्हणाली ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि खरं सांगायचं तर चूक तिची नव्हतीच.

आमचं घर इंदूरला लोकमान्य नगरात, दुधाचं दुकान कोपऱ्यावर, मोजून दीडशे पावलं. ही पावलं मी नाही मोजली, बाबांनी मोजलीत, रिटायर झाल्यापासून ते फोनमध्ये पावलं मोजत फिरतात आणि संध्याकाळी आकडा वाचून दाखवतात, कोणी विचारलं नाही तरी. दूध कोणी आणलं ते शेवटी सांगतो, आधी माझी ओळख. वय ३४, नोकरी विजयनगरच्या एका आयटी ऑफिसात, लग्न व्हायचंय, आणि मी आळशी आहे. हे कौतुकाने नाही सांगत, पण लाजही सोडलीय आता. रिमोट हाताला लागला नाही तर जे चॅनल लागलेलं असेल ते आवडून घेणारा माणूस आहे मी.

तर त्या रविवारी टँकर हॅम्बर्गला लावून गेम बंद केला आणि स्टीमने (ज्यावर मी गेम विकत घेतो आणि खेळतो ते सॉफ्टवेअर) आकडा दाखवला, युरो ट्रक सिम्युलेटर २, ६१२ तास. रोजच दाखवतं खरं तर, पण त्या दिवशी आईचं बोलणं कानात ताजं होतं म्हणून टोचलं. मग हात शिवशिवले आणि सगळ्या गेमांचे तास जोडून काढले, ते आले ३,१२०. भागिले चोवीस, बरोब्बर १३० दिवस. चार महिने दहा दिवस, न झोपता, न जेवता, न आंघोळ करता (शेवटचं फार अवघड गेलं नसतं). ऑफिसच्या हिशोबाने आठ तासांचा दिवस धरला तर ३९० दिवस, महिन्याला सव्वीस दिवस कामाचे धरले तर पंधरा महिने, म्हणजे मी सव्वा वर्षाची नोकरी करून बसलोय आणि पगार तर नाहीच, उलट सेल लागला की पैसे मीच भरलेत. आणि यात लहानपणचा टीव्ही गेम, फोनवरचं काहीही धरलेलं नाही, तो हिशोब चित्रगुप्ताकडेच निघेल.

पण मला खरं कोडं पडलंय ते तासांचं नाही. कोडं हे की आळशी माणूस जातो कुठे तर ट्रक चालवायला? हा गेम २०१२ सालचा, प्रागच्याच एका कंपनीने केलेला, आणि त्यात करायचं काय तर माल उचलायचा आणि पोचवायचा, बास. राजकन्या नाही, राक्षस नाही, कोणी गोळ्या घालत नाही. खऱ्या युरोपपेक्षा नकाशा एकोणीसपट लहान केलाय तरी एका फेरीत अर्धा-पाऊण तास सहज जातो. सिग्नल तोडला की दंड, स्पीड कॅमेऱ्यात सापडलात की दंड, फार वेळ चालवलं की ड्रायव्हरला जांभया यायला लागतात, मधूनच स्क्रीन काळी होते, मग मुकाट ट्रक बाजूला लावून झोपायचं. आणि मी, जो पलासिया चौकात पिवळा दिवा म्हणजे 'अजून चान्स आहे' असं समजतो, तोच मी तिकडे मध्यरात्री ओसाड जर्मन रस्त्यावर, मागेपुढे काळं कुत्रं नसताना, वळायच्या आधी इंडिकेटर देतो. नाही दिला तर दंडसुद्धा नाही, तरी देतो. आजी एकदा माझ्या खोलीत बसली होती (उन्हाळ्यात ती दुपारभर माझ्याच खोलीत असते, एसी तिथेच आहे), तिने विचारलं, "हे टिकटिक टिकटिक काय वाजतंय रे?" म्हटलं, "इंडिकेटर आजी, वळायचंय ना." ती जरा वेळ बघत बसली आणि म्हणाली, "तुझ्या स्कूटरला नाहीये का मग हे?"

या ट्रकने माझं एक स्थळही घालवलंय. आईने वधू-वर मंडळात दिलेल्या बायोडेटात छंद म्हणून 'वाचन, प्रवास' असं मला न विचारता लिहून टाकलंय. मागच्या दिवाळीनंतर एका घरी गेलो होतो, पोहे आले, सोबत जिलबी, पोह्यांवर शेव आणि जीरावन व्यवस्थित (इंदूरमध्ये हे नसेल तर स्थळ तिथेच नापास, पत्रिका नंतर), सगळं छान चाललेलं. मुलीने विचारलं, प्रवास कुठे कुठे केलात? माझं लक्ष जिलबीत, तोंडातून निघून गेलं, प्राग, हॅम्बर्ग, रोटरडॅम, कॅले. तिचे वडील एकदम सरसावून बसले, "अरे वा, कंपनीकडून?" मी म्हटलं, "नाही, ट्रकने." त्यापुढे फारसं बोलणं झालं नाही. जिलबी चांगली होती.

असो. तर हा आळस काही ट्रकपासून सुरू झाला नाही, त्याची मुळं टीव्ही गेममध्ये आहेत. बाबांनी जेल रोडवरून आणला होता, १९९९ च्या उन्हाळ्यात, निकाल लागल्यावर. पिवळी कॅसेट, वर लिहिलेलं '९९९९९९ इन १' आणि आत खरे गेम सात-आठ, बाकी तेच ते पुन्हा. कॅसेट चालली नाही की काढायची, फुंकर मारायची, परत घालायची, हे शास्त्र अख्ख्या देशातल्या पोरांना कोणी शिकवलं देव जाणे. मोठेपणी कळलं की फुंकरीने काही होत नव्हतं, उलट तोंडातल्या दमटपणाने आतल्या पिना खराब व्हायच्या, कॅसेट चालायची ती काढून नीट बसवल्यामुळे. म्हणजे आयुष्यात पहिली मेहनत केली ती पण फुकट गेली, मग माणूस आळशी होणार नाही तर काय.

त्यात मारिओ होता. १९८५ सालचा गेम, आठ जग, प्रत्येकात चार लेव्हल, एकूण ३२. आता आठवा, मारिओमध्ये पहिल्या जगाच्या दुसऱ्या लेव्हलला, जमिनीखालच्या त्या निळ्या विटांमध्ये, छतावर चढून शेवटपर्यंत चालत गेलं की एक खोली लागते आणि तिथले पाइप थेट दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या जगात सोडतात. चौथ्यात गेलं की तिथेही दुसऱ्या लेव्हलला एक लपलेली वेल, ती चढून गेलं की सरळ आठव्या जगात. हिशोब केलात तर ३२ पैकी फक्त आठ लेव्हल खेळून गेम संपतो. पुण्याहून सुट्टीत येणारे माझे मावसभाऊ म्हणायचे ही चीटिंग आहे, सगळ्या खेळायच्या. ते लोक एकेक लेव्हल इमानदारीत खेळायचे आणि मी पलंगावर लोळत, "काय करून राहिले अजून तिसऱ्यात?" विचारायचो, मग ते माझ्या मराठीला हसायचे आणि मी त्यांच्या मारिओला. आज त्यातला एक सीए आहे, एक अमेरिकेत, मी काय आहे ते वर आलंच आहे. पण पाइप तर गेम करणाऱ्यानेच ठेवलेला ना तिथे? मी काय भिंत फोडली होती?

आणि शॉर्टकट घ्यायला आमच्याकडे सबळ कारण होतं, लाइट. त्या गेममध्ये सेव्ह वगैरे काही नव्हतं, आणि मध्यप्रदेशात त्या वर्षांत लाइटचं जे काही चाललं होतं ते ज्यांनी भोगलंय त्यांनाच माहीत, २००३ ची निवडणूकच बिजली-सडक-पानी यावर झाली आमच्याकडे. सातव्या जगापर्यंत पोचलेला मारिओ लाइट गेली की परत पहिल्या विटेसमोर. पुण्याच्या मावसभावांना राक्षस मारायचा होता, आम्हाला वीजमंडळाच्या आधी पोचायचं होतं.

मग काँट्रा, गोळीबाराचा गेम. सुरुवातीलाच बटणं दाबायची, वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए. माझ्या पिढीतल्या कोणालाही झोपेतून उठवून विचारा, रामरक्षा अडखळेल पण हे अडखळणार नाही. तीन ऐवजी तीस जीव मिळायचे. या कोडची गोष्ट मला फार उशिरा कळली आणि तेव्हापासून त्या माणसाबद्दल मला घरच्या माणसासारखं वाटतं. काझुहिसा हाशिमोतो नावाचे कोनामी कंपनीतले प्रोग्रामर, १९८६ साली ग्रेडियस नावाचा गेम घरच्या कन्सोलसाठी बसवत होते, बसवायचा म्हणजे स्वतः खेळून तपासायचा, आणि त्यांना तो गेम जमेचना, इतका अवघड. मग त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी बटणांचा एक क्रम घातला की सगळी हत्यारं एकदम मिळावीत, आणि तो क्रम गेम बाजारात गेला तेव्हा आतच राहून गेला. २०२० मध्ये ते वारले. म्हणजे जगातला सगळ्यात प्रसिद्ध चीट कोड कोणा उस्तादाने नाही, 'कोण एवढं खेळत बसेल' म्हणणाऱ्या माणसाने केलाय, आणि तो माणूस स्वतः गेम बनवणारा. देव्हाऱ्यात नाही पण डेस्कटॉपवर फोटो लावायला हरकत नाही.

आळसाचा कळस मात्र पुढे आला. २००२ मध्ये प्रोग्रेस क्वेस्ट नावाचा गेम निघाला, त्यात तुम्ही फक्त नाव, पेशा आणि जात निवडायची (एल्फ, बुटका वगैरे, आपल्यासारखी नाही), पुढे गेम स्वतःच स्वतःला खेळतो, लढतो, वस्तू विकतो, तुम्ही फक्त बघायचं. तो थट्टा म्हणून केलेला होता पण मी महिनाभर मनापासून चालू ठेवला, सकाळी उठून आपला योद्धा कुठवर पोचला ते बघायचो, शेअर बाजारवाले बघतात तसं. मग २०१३ चा कुकी क्लिकर, एका मोठ्या बिस्किटावर क्लिक करत बसायचं, बिस्किटं साठली की ती बनवायला आज्या विकत घ्यायच्या, मग आज्या बनवतात आणि तुम्ही निवांत. हे मी उत्साहात आजीला सांगितलं. "केवढ्याला पडते आजी?" तिने विचारलं. म्हटलं, पहिली शंभर बिस्किटांना, मग महाग होत जाते. "बरोबर आहे," म्हणाली, "पहिलीला कुठे काय माहीत असतं."

आता घरात मी एकटाच असा आहे असं कोणी समजू नका. बाबा बँकेत होते. नव्वदच्या दशकात त्यांच्या शाखेत कॉम्प्युटर आले तेव्हा साहेबापासून शिपायापर्यंत सगळ्यांनी सॉलिटेअर खेळून माऊस शिकला, आणि हे खरंही आहे, विंडोजमध्ये १९९० पासून तो पत्त्यांचा गेम ठेवला त्यामागे लोकांना पकडून-ओढून-सोडायची सवय लागावी हाही हेतू होता. तो लिहिला होता वेस चेरी नावाच्या एका इंटर्नने आणि त्याला त्याचे वेगळे पैसे कधी मिळाले नाहीत. जगभरच्या ऑफिसांनी ज्याच्या जिवावर दुपारी काढल्या त्या पोराला काही नाही! बाबांना हे सांगितलं तर त्यांना खरोखर वाईट वाटलं. पण ते गेम खेळायचे हे मात्र ते आजही मान्य करत नाहीत, "ट्रेनिंग होतं ते" म्हणतात. अकरा वर्षं ट्रेनिंग.

तर हेच बाबा मला सकाळी सकाळी बातम्या पाठवतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये गेमिंगच्या व्यसनाला आजारांच्या यादीत घातलं, आयसीडी-११ म्हणतात त्या यादीला, ती २०२२ च्या जानेवारीपासून लागू झाली, ते सगळं त्यांनी मला नाश्त्याला वाचून दाखवलं. खेळावर ताबा न राहणं, इतर कामांपेक्षा खेळाला जास्त महत्त्व देणं, नुकसान होतंय हे दिसूनही खेळत राहणं, आणि हे साधारण वर्षभर चालू असणं. "ऐक," म्हणाले, "इतर कामांपेक्षा खेळाला महत्त्व." मी म्हटलं, "बाबा, मी गेम नव्हते तेव्हा तरी इतर कामं करायचो का?" ते विचारात पडले. आईने आतून साक्ष दिली, "नाही हो, तिसरीपासून असाच आहे." ज्यांचं शिक्षण, नोकरी, झोप यात खरंच वाहून जाते ती थट्टेची गोष्ट नाही, त्यांनी डॉक्टर गाठावा. माझी केस डॉक्टरची नाही, माझी केस आईची आहे.

मग २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला तेव्हा बाबा पेपर हलवतच खोलीत आले, "घे, बंद झालं तुझं." इतके खूश मी त्यांना माझ्या नोकरीच्या वेळीही पाहिले नव्हते. मी बातमी वाचली आणि समजावलं की बाबा, बंदी पैसे लावून खेळायच्या गेमांवर आहे, माझा ट्रक चालूच राहणार, तीन पत्ती, रमी असलं बंद. रमी म्हटल्यावर त्यांचा चेहरा जो पडला त्यावरून मला आणि आईला एकदमच कळलं की रोज दुपारी दोन ते चार 'जरा पाठ टेकतो' म्हणजे काय चालायचं. फार नाही, रोजचे दहा-वीस रुपये, पण आई अजून विषय काढते.

आईने काढावा हे विशेष, कारण आईची स्वतःची कॅन्डी क्रश दोन हजार लेव्हलच्या पुढे आहे. त्यात कसं आहे, पाच लाइफ असतात, संपल्या की एकेक भरायला अर्धा तास लागतो. भजनी मंडळातल्या कोणीतरी तिला शिकवलं की फोनचं घड्याळ पुढे केलं की लाइफ लगेच भरतात. पाच लाइफ, अर्धा-अर्धा तास, म्हणजे अडीच तास पुढे. हे गणित आईने स्वतः केलं, जी मला आजही भाजीवाल्याचे सुटे मोजायला लावते. मार्गशीर्षातली संकष्टी होती, घड्याळ पुढे केलं, खेळली, आणि परत मागे करायचं विसरली. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल गेले तीन महिने संपलेला (तो आणायचं काम माझ्याकडे होतं). चंद्रोदय रात्री पावणेनऊच्या सुमाराला. फोनमध्ये पावणेनऊ झाले, आई ताट घेऊन गच्चीवर गेली, थंडीतला लवकरचा अंधार, चंद्राचा पत्ता नाही. ढग असतील म्हणाली, अंदाजाने पूर्वेला हात जोडले, खाली येऊन नैवेद्य दाखवला आणि मोदक फोडला. दुसरा तोंडात घालणार तेवढ्यात कोपऱ्यावरच्या देवळात सातच्या आरतीची घंटा सुरू झाली. घरात एकदम शांतता. बाबा पेपर खाली न करता म्हणाले, "एक लाइफ गेली."

मित्रांबरोबर खेळलो ते फक्त पब्जी. २०१८ मध्ये आलं, तोवर नेट स्वस्त झालेलं, आणि आमच्या कॉलनीतले, शाळेतले, आत्याचा मुलगा असे चौघं रोज रात्री दहाला. शंभर माणसं विमानातून एका बेटावर उडी मारतात, शेवटी उरेल तो जिंकतो. बाकी तिघं पोचिंकी नावाच्या त्यातल्या गावात उतरून मारामाऱ्या करायचे, मी लांब कुठल्यातरी एका घराच्या संडासात दार लावून बसायचो, फोन छातीवर ठेवून. हे तिघं मेल्यावर माझ्या खांद्यावरून बघायचे आणि कानात ओरडायचे, "भिया, बाहर तो निकल! क्या केरिया है अंदर?" एकदा मी एकही गोळी न झाडता, एकाही माणसाला न भेटता सातवा आलो होतो. शंभरात सातवा! शाळेत कधी आलो नाही. २ सप्टेंबर २०२० ला त्यावर बंदी आली, मग २०२१ च्या जुलैत नवं नाव घेऊन आलं, २०२२ च्या जुलैत पुन्हा गायब, २०२३ च्या मे महिन्यात पुन्हा हजर, आमच्या नर्मदेच्या नळासारखं, आज आहे तर उद्या नाही. पण मधल्या काळात आमचे चौघांचे रात्रीचे दहा काही उरले नाहीत. एकाला जुळं झालं, एक बंगलोरला गेला. ग्रुप आहे अजून, त्यात आता फक्त वाढदिवसाचे केक असतात. संडासात बसून त्या तिघांच्या शिव्या ऐकायचे जे तास होते ते स्टीमच्या आकड्यात नाहीत, आणि ते असते तर मला आकड्याचं काही वाटलं नसतं.

हां, सराफ्यात, म्हणजे आमच्या रात्रीच्या खाऊगल्लीत मात्र अजून भेटतो कधीकधी, जो उरलाय त्याच्याबरोबर. रात्री बाराला फोन, "आजा, गराडू खाएंगे." आणि इथे माझी पंचाईत अशी की बाराला मी शेतात असतो.

शेत म्हणजे स्टारड्यू व्हॅली. २०१६ चा गेम, एरिक बॅरोन नावाच्या एका माणसाने एकट्याने चार-साडेचार वर्षं बसून केलेला, चित्रं, संगीत, गोष्ट सगळं एकट्याने, हे वाचून मला थकवा आला होता. त्यात शहरातल्या नोकरीला कंटाळलेला माणूस आजोबांचं शेत कसायला गावी जातो. बी पेरायचं, पाणी घालायचं, गाई-कोंबड्या, मासे पकडायचे. आणि त्यात एक नियम फार छान आहे, रात्री दोनपर्यंत घरी जाऊन झोपला नाहीत तर माणूस जागेवर चक्कर येऊन पडतो आणि सकाळी उठतो तर खिशातले पैसे कमी झालेले. मी त्या माणसाची फार काळजी घेतो. कधीही बारा वाजू देत नाही त्याला, वेळेवर झोपवतो. इकडे घड्याळात पावणेतीन झालेले असतात.

हा गेम आजीला सगळ्यात आवडतो. ती मूळची देवासकडची, माहेरी शेती, काळी जमीन, पूर्वी ज्वारी-कापूस आणि नंतर सगळं सोयाबीन. पहिल्यांदा बघितलं तेव्हा तिने चष्मा पुसून विचारलं, काय लावलंयस. म्हटलं पार्सनिप, म्हणजे पांढरं गाजर समज. किती दिवसांचं पीक? चार दिवसांचं. बियाणं केवढ्याला? वीसला एक. आणि विकलं केवढ्याला जातं? पस्तीसला. आजी गप्प झाली, मग म्हणाली, "चार दिवसांत विसाचे पस्तीस? आणि तू विजयनगरला कशाला जातोस रे रोज?" नंतर तिचे प्रश्न वाढले. बैल कुठेत? खत कधी टाकलंस? व्यापारी उधारी ठेवतो की रोख देतो? (रोख, रात्री पेटीत माल टाकायचा, सकाळी पैसे. यावर तिचा विश्वास बसलेला नाही.) एकदा मी पाणी घालायला निघालो तर ओरडली, "पाऊस पडतोय ना, मग पाणी कसलं घालतोस, मुळं कुजवशील!" आणि खरंच त्या गेममध्ये पाऊस असला की पाणी घालावं लागत नाही, मी महिनाभर उगाच घालत होतो. आळशी माणसाच्या हातून असं ज्यादा काम व्हावं याची फार बोच लागली. तेव्हापासून पेरणी तिला विचारून. गच्चीवरच्या कुंडीतला पुदिना मात्र त्याच उन्हाळ्यात वाळला, तो कोणाचा होता त्यावरून घरात वाद आहे.

एक राहिलंच, धुणं. पॉवरवॉश सिम्युलेटर, नावावरून कळतं ते. हातात पाण्याचा जोरदार पाइप, समोर चिखलाने भरलेली गाडी, नाहीतर बाग, घर, ते धुवायचं. एवढंच. आणि मी इंदूरचा, जे २०१७ पासून सलग सात वर्षं देशातलं सगळ्यात स्वच्छ शहर म्हणून पहिलं आलं, जिथे सकाळी कचरागाडी गाणं वाजवत दारात येते आणि ओला-सुका वेगळा नसेल तर गाडीवाला सगळ्या गल्लीसमोर झापतो, त्या शहरात मी शनिवार-रविवार स्क्रीनवरची घसरगुंडी धुतो. पंखा धुवायला सांगितलं होतं दिवाळीला, तो होळीला बाबांनी पुसला. पण तिकडचं धुणं सोडवत नाही त्याचं एक कारण मला सापडलंय. त्यात एखादी पट्टी, एखादं चाक पूर्ण स्वच्छ झालं की ते एकदम चमकतं आणि 'टिंग' वाजतं. किती टक्के राहिलंय ते कोपऱ्यात दिसतं. शंभर झालं की झालं, काम संपलं, घरी जा. आता आईचा ओटा घ्या. तो ती चाळीस वर्षं रोज दोनदा पुसते. एकदा तरी वाजलं का टिंग? मी हे आईला सांगितलं, मला वाटलं फार खोल बोललो. ती म्हणाली, "तू भांडी घास, मी वाजवते टिंग." मी त्या दिवशी घासली. तिने खरंच प्रत्येक ताटाला तोंडाने टिंग केलं. अकरा ताटं झाल्यावर तिला हसू आवरेना आणि मी पळालो.

यापेक्षा वाईट गेम आहेत हेही सांगून ठेवतो. डेझर्ट बस म्हणून एक १९९५ च्या सुमाराला केलेला, दुकानात कधी आलाच नाही. टूसॉनपासून लास वेगासपर्यंत वाळवंटातून रिकामी बस चालवायची, ताशी ७२ किलोमीटरच्या वर जात नाही, खरेखुरे आठ तास, मध्ये थांबवता येत नाही, आणि बस सारखी उजवीकडे ओढते म्हणून हात काढता येत नाही. पोचलात की एक गुण. एक. रस्त्यावरून उतरलात तर ओढून परत टूसॉनला, तेही तेवढाच वेळ घेऊन. मी वाचलं आणि म्हटलं यात नवं काय, इंदूर-पुणे रात्रीची बस, सेंधव्याचा घाट, शेजारी घोरणारा माणूस, आणि पोचल्यावर तो एक गुणही देत नाहीत, मावशी फक्त म्हणते, "वाळलास रे."

तर रविवार. हॅम्बर्गला पोचल्यावर टँकर मागे मागे घेत नेमक्या जागी लावावा लागतो, ते जमलं की जास्त गुण, नाहीतर 'पार्किंग नको' असाही पर्याय असतो, गुण मिळत नाहीत पण कटकटही नाही. मी कायम तोच घेतो. ६१२ तासांत ट्रक मागे घ्यायला शिकलेलो नाही. मग तो आकडा बघितला, हिशोब मांडत बसलो, त्यात अकरा कधी वाजले कळलं नाही, आणि मग एकदम दूध आठवलं. चपला घातल्या, पिशवी घेतली, स्वयंपाकघरात जाऊन म्हटलं, "आई, अर्धा लिटर की एक?" तर गॅसवर चहा उकळत होता, दुधाचा. बाबा पावलं मोजायला गेलेले, ते आणणं शक्य नव्हतं. आई बोलायला तयार नाही, नुसती डोळ्यांनी बाहेर दाखवते.

बाहेर ओट्यावर आजी बसली होती, वय ८२, काठी भिंतीला टेकवलेली, दम लागलेला, पायात बाबांच्या चपला. मी म्हटलं, "आजी अगं तू कशाला गेलीस, रस्त्यावर केवढी वाहनं असतात."

"त्याला काय होतंय," ती म्हणाली, "वळायच्या आधी हात दाखवला होता मी."